एकाच कंपनीला तीन ठिकाणी तीन मार्क : जबाबदार गुंतवणुकीची देशोदेशी तुलना करायची तरी कशी?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. सांगलीत कॉमर्सला शिकवते, पीएचडी चालू आहे. विषय सस्टेनेबल फायनान्स, म्हणजे कंपनी पर्यावरणाशी, माणसांशी कशी वागते, कारभार कसा करते हे बघून पैसा गुंतवणं, आणि त्यात भारत, युरोप, जपान अशा तीन बाजारांची तुलना. ऐकायला भारी वाटतं पण आठ महिने एकाच जागी अडकलेय म्हणून इथे लिहितेय.

अडचण अशी की ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) स्कोअर देणाऱ्या एजन्सी अनेक, आणि एकाच कंपनीला एकीकडे डिस्टिंक्शन तर दुसरीकडे काठावर पास. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग २०२२ साली छापून आलेला एक अभ्यास वाचला, त्यात सहा एजन्सींचे मार्क एकमेकांशी ताडून बघितलेत आणि सहसंबंध निघालाय सरासरी ०.५४ (१ म्हणजे तंतोतंत जुळतं). कर्जाची पत ठरवणाऱ्या क्रेडिट रेटिंगमध्ये हाच आकडा ०.९ च्या वर असतो. आणि या फरकातला निम्म्याहून जास्त वाटा कशाचा, तर एकच गोष्ट प्रत्येकजण आपापल्या मापानं मोजतो त्याचा.

गाईड सर म्हणतात एका एजन्सीचा डेटा घे, रिग्रेशन चालव, पुढे जा. ते माझ्या भल्यासाठीच सांगतायत, मुदत जवळ येतेय. पण परवा वडिलांना (आमचा ऊस आहे भिलवडीकडे) जेवताना हे सगळं सांगत होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नदीत मासं मेलं की तुझ्या त्या मार्कात कुठं दिसतं?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातनं जात नाहीये.

तर तुलना नेमकी काय धरून करावी? अनुभव असेल त्यांनी लिहा, अभ्यास नसलेल्यांनी पण लिहा.

बेदाणा
ताई, तुमचा प्रॉब्लेम आम्ही द्राक्षवाले कधीपासून भोगतोय. तीच बाग, तोच घड, पण युरोपला जायचा तर औषधाच्या अंशाची मर्यादा वेगळी, रशियाला वेगळी, आखातात वेगळी, आणि लोकल मार्केटला कोण विचारतंय. २०१० ला काय झालं आठवतंय का कुणाला? क्लोरमेक्वाट म्हणून वाढ रोखायचं संजीवक, सगळेच मारायचे, आपल्याकडं निर्यातीच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. त्यामुळं रिपोर्ट स्वच्छ. माल युरोपात पोचला, तिथं त्यांनी तपासलं आणि कंटेनर अडकले. आमच्या पट्ट्यात त्या साली लई जणांचं कंबरडं मोडलं, माझ्या चुलत्यानं दोन एकर काढून टाकली.

सांगायचा मुद्दा, रिपोर्ट खोटा नव्हता. यादीत जे होतं ते बरोबरच मोजलेलं. जे यादीत नव्हतं त्यानं मारलं. तुम्ही पण आधी प्रत्येक देशाची यादी काढा, मार्क मागनं बघा.

हरिपूर_रोड
वरचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा आहे. 👏

सीए_विश्रामबाग
बेदाणा यांना अनुमोदन. आपल्याकडची यादी मी सांगतो, रोजचं काम आहे.

सेबीनं मे २०२१ मध्ये बीआरएसआर नावाचा अहवाल आणला, २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा. त्याच्या मुळाशी २०१९ ची जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय तत्त्वं आहेत, एकूण नऊ. पाणी किती उचललं, कुठनं उचललं, कचऱ्याचं काय केलं, अपघात किती, बायकांना पगार किती टक्के, सगळं विचारतात. त्यातले काही प्रश्न सक्तीचे आणि काही 'लीडरशिप' म्हणजे ऐच्छिक. जुलै २०२३ मध्ये त्यातलेच मोजके आकडे निवडून बीआरएसआर कोअर केलं, त्याची बाहेरच्या माणसाकडून खातरजमा करायची, सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून.

आता तुमच्या कामाची गोष्ट, जी फार कुणी बघत नाही. कोअरमध्ये उत्सर्जन किंवा पाणी हे 'दर रुपया उलाढालीमागे किती' असं सांगायचं असतं, आणि त्या उलाढालीला क्रयशक्तीचं माप लावून. का? कारण तोच साबण इथं स्वस्तात विकला जातो आणि युरोपात महाग. नुसता डॉलरमध्ये हिशोब केला की आपली कंपनी उगाच जास्त प्रदूषण करणारी दिसते, कारण भागाकार करायला खाली आकडा लहान. अनेक परदेशी डेटाबेसमध्ये नुसता विनिमय दर लावलेला असतो. तुमची एक्सेल शीट उघडा आणि तो कॉलम नक्की कुठल्या मापात आहे ते आज रात्रीच बघा.

कृष्णाकाठची
बघितलं. डॉलरमध्ये आहे, नुसत्या विनिमय दरानं. आठ महिने.

पण सर खरंच मनापासून आभार, हे कुठल्याच वर्कशॉपमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

कोरेगावकर
मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. बँकेत पस्तीस वर्षं काढली. गुंतवणूकदाराला परतावा पाहिजे, त्याला नीतिमत्ता शिकवू नका. साहेब लोकांच्या देशात पोट भरलंय, त्यांना हे परवडतं. इथं पोरीच्या लग्नासाठी पैसे ठेवणारा माणूस कार्बन बघत बसेल का? तेराशे कागदांचा अहवाल वाचणार कोण? पैसा सुरक्षित पाहिजे आणि वेळेवर पाहिजे, बास.

संगमावरचा_वड
कोरेगावकर काका, सुरक्षित म्हणालात म्हणून सांगते. आईनं साडेतीन लाख एका पतसंस्थेत ठेवलेले, गावातलीच, नाव सांगत नाही. व्याज एक टक्का जास्त. चेअरमन घरचे, कॅलेंडर द्यायचे, दिवाळीला फराळाला यायचे. बुडाल्यावर कळलं की मोठी कर्जं संचालकांच्याच पाहुण्यारावळ्यांना दिलेली. आई अजून ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवते. नऊ वर्षं झाली.

ईएसजीमधला शेवटचा 'जी' म्हणजे कारभार, तो हाच ना? कर्ज कुणाला दिलं, संचालक कोण, ऑडिट कुणी केलं. हे कुणीतरी आधी विचारलं असतं तर आईचे पैसे राहिले असते. याला मी चोचले म्हणणार नाही.

कोरेगावकर
तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. कारभाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य, बँकेत आम्ही तेच बघायचो. माझा आक्षेप पर्यावरणाच्या मार्कांवर आहे, तो कायम ठेवतो.

माईनकाठचा_सातारकर
फ्रँकफर्टला आहे, मूळ सातारा, शाहूपुरी. इथल्या फंडांच्या कंप्लायन्समध्ये काम करतो म्हणून युरोपची बाजू सांगतो, जरा लांबेल.

इथे मार्च २०२१ पासून एसएफडीआर नावाचा नियम लागू आहे. त्यात आर्टिकल ८ म्हणजे पर्यावरण-समाजाची वैशिष्ट्यं जपणारे फंड आणि आर्टिकल ९ म्हणजे शाश्वत गुंतवणूक हेच ज्यांचं उद्दिष्ट ते. मूळ नियम हा माहिती देण्याचा होता, शिक्का मारायचा नव्हता, पण विक्री करणाऱ्यांनी त्याचा शिक्काच केला, आयएसओ लावल्यासारखा. मग २०२२ च्या शेवटी नियम कडक होणार म्हटल्यावर ढिगानं फंड ९ मधनं गुपचूप ८ मध्ये उतरले. पोर्टफोलिओ तोच, फक्त खुर्ची बदलली. नंतर फंडाच्या नावात 'सस्टेनेबल' वगैरे शब्द असेल तर ८० टक्के पैसा त्याच कामी हवा असं ठरलं, तेव्हा २०२५ मध्ये किती फंडांची बारशी परत झाली विचारू नका.

आता कृष्णाकाठची यांच्या वडिलांचा प्रश्न. सगळ्या अभ्यासाची किल्ली तिथे आहे असं मला मनापासून वाटतं. युरोपात 'दुहेरी महत्त्व' अशी कल्पना आहे, म्हणजे नदीमुळे कंपनीचं काय नुकसान होईल हे सांगा, आणि कंपनीमुळे नदीचं काय होतंय तेही सांगा. आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयएसएसबीनं जून २०२३ मध्ये जी दोन मानकं काढली त्यात मुख्यतः पहिलंच आहे, गुंतवणूकदाराच्या खिशाला जे लागतं तेवढं. जपानची मानकं त्याच पायावर. एजन्सींचे बरेचसे मार्कही असेच, कंपनी धोक्यात आहे का एवढंच बघणारे. मासे मेले, दंड झाला नाही, शेअर पडला नाही, तर मार्क हलणारच नाहीत. वडिलांना सांगा, दिसत नाही कारण तो प्रश्न विचारलेलाच नाही.

आणि युरोप म्हणजे आदर्श असंही नाही. कंपन्यांना हा दुहेरी अहवाल द्यायला लावणारा मोठा कायदा २०२५ मध्ये बऱ्याच कंपन्यांसाठी दोन वर्षं पुढे ढकलला आणि व्याप्ती कमी करणं चालू केलं.

मिरजेचा_तंबोरा
"फक्त खुर्ची बदलली" 😄 आमच्या वॉर्डातली निवडणूक आठवली.

निळा_छत्रीवाला
हिरवं म्हणजे काय हेच देशागणिक वेगळं. चीनच्या २०१५ च्या ग्रीन बाँडच्या (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) यादीत 'स्वच्छ कोळसा' होता! २०२१ च्या नव्या यादीत काढला. आणि युरोपनं २०२३ पासून गॅस आणि अणुऊर्जा अटी घालून आपल्या टॅक्सॉनॉमीत, म्हणजे हिरवं काय ते ठरवणाऱ्या यादीत, घेतली. आपल्या अर्थ खात्यानं मे २०२५ मध्ये अशाच यादीचा मसुदा काढलाय. म्हणजे २०१६ चा चिनी ग्रीन बाँड आणि आजचा युरोपातला ग्रीन बाँड एका कॉलममध्ये बेरीज करून टाकला तर ती गूळ आणि शेंगदाण्याची बेरीज.

बेदाणा
गूळ-शेंगदाण्याची चिक्की तरी होते, ह्याचं काय होणार 😀

चाळकेवाडी_पठार
साताऱ्याकडचा अनुभव टाकतो. आमच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या, चाळकेवाडी, वनकुसवडे सगळा सडा भरला. बाहेरनं बघणाऱ्याला ह्याच्यापेक्षा हिरवी गुंतवणूक कुठली? पण पैसा का आला ते बघा. तेव्हा पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे सगळी किंमत टॅक्स लागणाऱ्या नफ्यातनं वजा, नंतर ८० झाला. ज्यांचा धंदा सिनेमाचा, कापडाचा, औषधाचा त्यांनी टॅक्स वाचवायला पंखा घेतला. पंखा उभा राहिला की त्यांचं काम झालं, मग तो फिरतोय का ह्याच्याकडं किती जणांनी बघितलं? सगळेच तसले नव्हते, काही फार नीट चालवलेले आहेत, पण माझ्या घराच्या मागच्या बाजूला एक पंखा चार वर्षं गिअरबॉक्स गेला म्हणून उभा होता. पावसाळ्यात धुक्यात नुसता खांब दिसायचा, खाली दारात गंजाचं पाणी ओघळलेलं आणि आत शेळ्या बसायच्या.

मग डिसेंबर २००९ ला सरकारनं दुसरी योजना आणली, तयार झालेल्या युनिटमागं ५० पैसे. म्हणजे वीज काढली तर पैसा. तिथनं माणसं पंख्याकडं बघायला लागली.

आमच्याच लोकांनी जमिनी कवडीमोल विकल्या, एजंट मधल्यामधे मोठे झाले, हे पण कुठल्या अहवालात नाही. रस्ता झाला, पोरांना वॉचमनची, टेक्निशियनची कामं लागली, ते पण खरं. दोन्ही लिहा.

कृष्णाकाठची
दादा, हे तर अख्खं प्रकरण आहे माझ्या प्रबंधाचं. 'गुंतवणूक किती झाली' हा आकडा घेतला तर तुमचा बंद पंखा आणि चालू पंखा सारखाच. येऊ का बघायला? सडे फुलतात तेव्हा नाही, गर्दी नसताना.

चाळकेवाडी_पठार
कधीबी या. वारा असतो, स्वेटर आणा. घरी पिठलं-भाकरी आहेच.

पेन्शनर_गावभाग
जपानचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. तिथला सरकारी पेन्शन फंड जीपीआयएफ, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्यांनी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याच्या जबाबदार गुंतवणुकीच्या तत्त्वांवर सही केली आणि २०१७ मध्ये ईएसजी निर्देशांकांत सुमारे एक लाख कोटी येन घातले. पण त्यांची रीत बघा, ते सहसा कंपनी सोडत नाहीत, आत राहून फंड मॅनेजरमार्फत सांगत राहतात. इतक्या मोठ्या फंडाला सोडून जायचं कुठं, सगळा बाजारच त्यांचा. उलट नॉर्वेचा फंड. त्यांची नीतिमत्ता समिती आहे, कोळशातनं ३० टक्के किंवा जास्त उत्पन्न असणाऱ्या कंपन्या २०१६ पासून वगळायला लागले, आणि कुणाला का वगळलं ते जाहीर करतात. एक सासूसारखा समजावत राहणारा, एक सरळ बोलणं बंद करणारा. दोघंही स्वतःला जबाबदारच म्हणवतात. तुमच्या तुलनेत हा स्वभावातला फरक आला पाहिजे.

आणि आपल्या सेबीनं पण जुलै २०२३ मध्ये ईएसजी फंडांना सहा प्रकारांत विभागायला सांगितलंय, वगळणारे वेगळे, निवडून घेणारे वेगळे. म्हणजे नावावरनंच कळावं.

कोरेगावकर
आकड्यांवर मी बोलणारच. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये पहिले ग्रीन बाँड काढले, ८००० कोटींचा एक आणि फेब्रुवारीत तेवढाच दुसरा हप्ता. दहा वर्षांचा व्याजदर ७.२९ टक्के. साध्या सरकारी रोख्यापेक्षा फरक पडला तो पाच-सहा बेसिस पॉइंटचा, म्हणजे शंभर रुपयांमागं वर्षाला पाच-सहा पैसे. एवढ्या नीतिमत्तेची किंमत पाच पैसे?

सीए_विश्रामबाग
काका, पाच पैसे का होईना कुणीतरी कमी व्याज घ्यायला तयार झालं. आणि मोठा फायदा व्याजाचा नाही, त्या पैशाचा हिशोब वेगळा ठेवून जाहीर करावा लागतो त्याचा आहे. गाझियाबाद महापालिकेनं २०२१ मध्ये १५० कोटींचे ग्रीन बाँड काढले, कशासाठी तर सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायला. इंदूरनं २०२३ मध्ये २४४ कोटी उभे केले सौर प्रकल्पाला, त्यात सामान्य माणसांनी पण पैसे घातले. पिंपरी-चिंचवडनं २०२५ मध्ये २०० कोटी. आता सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्यासमोर उभं राहा आणि विचार करा.

हरिपूर_रोड
शेरीनाल्याचं नाव काढलंत. लहानपणापासून ऐकतोय, आता माझा मुलगा दहावीत आहे. असा बाँड निघाला आणि नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबल्याचा आकडा दर महिन्याला लावला तर मी पहिला पैसे घालीन, व्याज कमी चालेल.

कोरेगावकर
त्यात मीही घालीन. डोळ्यासमोर आहे म्हणून.

मिरजेचा_तंबोरा
काका पलटले! धाग्याचं सार्थक 😄

पूररेषा
एक बाजू राहिली. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं हळदीचं गोदाम, पोती भिजून फुगली, महिनाभर रस्त्याला तो आंबूस वास. २००५ ची खूण भिंतीवर होती, आम्ही समजत होतो की त्याच्या वर काय येत नाही. बँकेनं कर्ज देताना जागेची किंमत काढली, पुराची खूण कुणी विचारली नाही. २०२१ ला परत आलं तेव्हा माल आधीच वर नेला.

वरती 'नदीमुळे कंपनीचं काय होईल' असं म्हणाले ना, ते हेच. त्याला कमी लेखू नका. दुहेरीतली ही बाजू पण सांगलीला माहीत आहे.

माईनकाठचा_सातारकर
पूररेषा, बरोबर बोललात, मी ते उगाच हलकं करून लिहिलं.

कृष्णाकाठची
दोन दिवस फक्त वाचत होते. काल पहाटे उठून आराखडा परत लिहिला, तो इथेच टाकते, चुका काढा.

एकूण मार्कांची तुलना सोडून दिली. एकच गोष्ट घेणार, पाणी. तिन्ही बाजारांत अन्न, साखर, पेय यातल्या कंपन्या घ्यायच्या आणि आधी बेदाणा दादांनी सांगितलं तशी यादी काढायची, कुठे काय विचारलंय. बीआरएसआरमध्ये पाणी कुठनं उचललं आणि कुठे सोडलं हे आहे, पण पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक प्लांटचा वेगळा हिशोब ऐच्छिक भागात गेलाय. तोच तर नदीकाठच्या माणसाला हवा. मग उलाढालीच्या मापाचा हिशोब क्रयशक्तीनं, डॉलरनं नाही. आणि बंद पंख्याची आठवण म्हणून 'किती पैसा गेला' च्या शेजारी 'त्यातनं काय झालं' असा कॉलम.

पण एक मोठं भोक दिसलं. आमच्याकडचे बहुतेक साखर कारखाने सहकारी, लिस्टेड नाहीत. सेबीचा नियम त्यांना लागतच नाही. म्हणजे वडिलांनी ज्यांच्याबद्दल विचारलं ते माझ्या अभ्यासात मुळात येतच नाहीत. यावर काही सुचतंय का?

सीए_विश्रामबाग
दोन वाटा. एक, मोठ्या लिस्टेड कंपन्यांनी आपल्या मुख्य पुरवठादारांचीही माहिती द्यावी असं कोअरमध्ये आहे, खरेदीत दोन टक्के किंवा जास्त वाटा असणाऱ्यांची. सध्या ऐच्छिक आहे, पण साखर घेणारी मोठी शीतपेय किंवा बिस्किट कंपनी पकडली की माग काढत कारखान्यापर्यंत जाता येतं. दुसरी, जास्त प्रदूषणाच्या ज्या १७ प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण मंडळानं ऑनलाइन मोजणी यंत्र बसवायला लावलंय त्यात साखर आणि डिस्टिलरी दोन्ही आहेत. लिस्टेड असो नसो. तो डेटा माहितीच्या अधिकारात मागा.

चाळकेवाडी_पठार
यंत्र चालू होतं का बंद, ते पण मागा ताई. पंख्यासारखंच.

बेदाणा
आणि गळीत हंगामाच्या तारखांशी जोडून बघा. नोव्हेंबर ते मार्च एकीकडं, बाकी महिने एकीकडं.

कृष्णाकाठची
अर्ज आजच लिहायला घेते, तारखा आणि यंत्र बंद असण्याचे तास दोन्ही मागते. सरांना आराखडा दाखवला, म्हणाले वेळ लागेल पण कर. वडिलांनी कपाटातनं एक जुनी डायरी काढून दिलीय. उसाला पाणी पाजल्याच्या तारखा लिहायचे त्यात, आणि अधेमधे पेन्सिलनं नुसतं "पाणी काळं, मोटर बंद ठेवली" असं. २००७ पासूनच्या नोंदी आहेत. मोजल्या, एकतीस भरल्या.

माईनकाठचा_सातारकर
ती डायरी आधी स्कॅन करा. पानं मागून पुढून सगळी.